गाडी उभी, काचा बंद, आत कुत्रा : नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

घरात पिल्लू आलं की पहिले दोन-तीन महिने लसी, जंताचं औषध आणि शी-शूची सवय यांतच जातात. मग ते गाडीत बसायला शिकतं. खिडकीतून नाक बाहेर काढून वारा खातं, आणि तुम्ही किल्ली उचलली की दाराशी येऊन उभं राहतं. त्याला मागे ठेवून जाणं जिवावर येतं. ‘चल, पाच मिनिटांचं तर काम आहे’ असं म्हणत आपण त्याला बरोबर घेतो. हा लेख त्या पाच मिनिटांसाठी आहे.

माझा ब्रूनो तेव्हा चार वर्षांचा होता. फेब्रुवारी महिना, सकाळचे दहा, हवा छान. औषधांच्या दुकानासमोर गाडी लावली, काच चार बोटं खाली ठेवली आणि आत गेलो. दुकानात गर्दी होती, पैसे देताना नेटवर्क गेलं, मग एक गोळी मागवून घ्यावी लागली. वीस-बावीस मिनिटांनी परतलो तेव्हा सीटवर लाळेचं थारोळं साचलं होतं, जीभ चमच्यासारखी रुंद होऊन बाहेर लोंबत होती आणि खाली उतरवल्यावर त्याचे मागचे पाय लटपटत होते. तो वाचला. मे महिना असता तर वाचला नसता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यानंतर जे शिकलो ते क्रमाने लिहितो आहे.

पायरी १ : आपल्याच गाडीचं तापमान मोजून बघा

वाचून पटत नाही, आकडा डोळ्यांनी पाहिला की पटतं. खोलीचं तापमान दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आणा. ऊन अंगावर येणार नाही असा मागच्या सीटवर ठेवा, गाडी नेहमीच्या जागी उभी करा, काचा बंद करा आणि बाहेर उभं राहून दर दहा मिनिटांनी आकडा बघा. काच थोडी उघडी ठेवून पुन्हा बघा. सकाळी नऊला करा, दुपारी करा, ढगाळ दिवशीही करा.

काय दिसेल याचा अंदाज देतो. अमेरिकेत उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांची मोजमापं झाली आहेत. त्यांत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पहिल्या दहा मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसने, वीस मिनिटांत १६ अंशांनी, अर्ध्या तासात १९ आणि तासाभरात जवळपास २४ अंशांनी वाढलं. म्हणजे बाहेर आल्हाददायक वाटणारे २८ अंश असले, तरी अर्ध्या तासात आत ४७. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असंही दिसलं की एकूण वाढीपैकी ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. माझी चार बोटं काच त्या दिवशी काहीच कामाची नव्हती.

असं का होतं? ऊन काचेतून आत येतं आणि डॅशबोर्ड, सीट, स्टिअरिंग तापवतं. तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात ती काचेतून तशी परत जात नाही, आणि त्यांच्यामुळे तापलेली हवाही कोंडलेलीच राहते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात २०१८च्या एका अभ्यासात, तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश भरलं होतं आणि सीटचं ५१. सावलीतल्या गाड्यांच्या आतली हवासुद्धा ३८ अंशांच्या आसपास गेली होती. तेव्हा ‘झाडाखाली लावली आहे’ यावर विसंबू नका. शिवाय सावली सरकते. अकराला झाडाखाली असलेली गाडी साडेबाराला भर उन्हात आलेली असते.

पायरी २ : आपल्या कुत्र्याचं अंग समजून घ्या

आपल्याला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, आणि तेवढ्याने शरीर थंड होत नाही. त्याचं सगळं काम धापांवर चालतं. जीभ, तोंड आणि नाकातलं पाणी वाफ होऊन जातं, जाताना उष्णता नेतं. पण बंद गाडीत आत घेतली जाणारी हवाच गरम असते, आणि धापांनी ती दमटही होत जाते. दमट हवेत वाफ नीट होत नाही. कुत्रा जितक्या जोरात धापा टाकतो तितके त्याचे स्नायू राबतात आणि आतली उष्णता आणखी वाढते.

म्हणूनच हा प्रश्न फक्त नागपूर-चंद्रपूर-अकोल्याचा आहे असं समजू नका. विदर्भात नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) म्हटलं की लोक आपणहून सावध होतात. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत ३२-३३ अंश आणि वर घामट हवा असते तेव्हा माणूस ‘एवढं काही ऊन नाही’ म्हणतो, आणि तिथेच फसतो. पावसाळा संपल्यावरचा ऑक्टोबरही तसाच.

निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश, म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. आपल्यापेक्षा थोडं जास्तच. ते ४१च्या वर गेलं की उष्माघात समजायचा. तिथून मेंदू, मूत्रपिंडं, आतडी, रक्त गोठण्याची क्रिया असं एकेक बिघडायला लागतं. मधलं अंतर केवढं थोडं आहे ते बघा.

काही कुत्र्यांना धोका फार लवकर येतो. पग, शिट्झू, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींची श्वासाची वाटच अरुंद असते, त्यांना नीट धापासुद्धा टाकता येत नाहीत. आपल्याकडे शहरांत पग आणि शिट्झू घराघरांत दिसतात, आणि आकाराने लहान म्हणून तेच सर्वांत जास्त गाडीतून फिरवले जातात. याची मला मनापासून काळजी वाटते. त्यांच्याशिवाय लठ्ठ कुत्रे (आपल्याकडच्या बहुतेक लॅब्रॅडॉरांना हे लागू पडतं), म्हातारे, हृदयाचे किंवा श्वासाचे रोगी, तीन-चार महिन्यांची पिल्लं, आणि हस्की, सेंट बर्नार्ड यांसारखे दाट केसांचे. हस्कीचे केस मुळापासून कापून टाकणं हा उपाय नव्हे. तो दुपदरी कोट उन्हापासूनही त्याचं रक्षण करतो.

पायरी ३ : निर्णय घरीच घ्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पार्किंगमध्ये पोचल्यावर तुमच्या हातात चांगला पर्याय उरलेला नसतो. कुत्रा बरोबर असतो, काम समोर असतं, आणि मग माणूस काच थोडी खाली करून निघून जातो.

म्हणून निघण्याआधी दिवसभराचे सगळे थांबे मनात आणा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा : इथे कुत्र्याला आत घेतात का? देवळात घेत नाहीत. शिर्डी असो, त्र्यंबकेश्वर असो की कोल्हापूर, दर्शनाची रांग किती वेळ चालेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि देवस्थानांची पार्किंग बहुधा उघड्या मैदानात असते. लग्नाच्या हॉलमध्ये घेत नाहीत, आणि लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची. मॉल, दवाखाना, बँक, सरकारी कचेरी यांचंही तेच. यांतला एक जरी थांबा वाटेत असेल, तर कुत्रा घरी राहिलेला बरा. किंवा अख्खा वेळ त्याच्याबरोबर गाडीबाहेर सावलीत थांबेल असा एक माणूस बरोबर हवा. तो माणूस कोण, हे घरून निघतानाच नाव घेऊन ठरवा. ‘कुणीतरी थांबेल’ असं ठरलं की कुणीच थांबत नाही.

घरी ठेवताना खालच्या मजल्यावरची किंवा पश्चिमेचं ऊन न येणारी खोली द्या. उघडी फरशी, पंखा किंवा कूलर, दोन वेगवेगळ्या भांड्यांत पाणी. एक सांडलं तर दुसरं राहतं. वीज जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवा आणि दुपारी एकदा डोकवायला सांगा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीच्या खोलीत बांधून जाणं म्हणजे बंद गाडीचाच दुसरा प्रकार झाला.

पायरी ४ : प्रवासाला नेणार असाल तर

कोकणात आठ दिवसांसाठी जायचं आहे, किंवा नागपूरहून मुंबईला बदली झाली आहे, अशा वेळी न्यावंच लागतं. पहाटे निघा. दहा-साडेदहापर्यंत मोठा टप्पा पार पडला पाहिजे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, सरळसोट, उघड्या माळावरून जाणारा. वाटेत झाडाची सावली शोधत बसावी लागते, त्यामुळे कुठे थांबायचं ते आधी नकाशावर बघून ठेवा. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटात दोन तास अडकणं काही नवं नाही. हे दोन तास हिशेबात धरा आणि पाणी त्याप्रमाणे घ्या.

जेवणाच्या थांब्यावर दोघं असाल तर पाळीपाळीने आत जा. बाहेर टेबलं मांडलेली असतील तर तिथेच बसा, बहुतेक ठिकाणी विनंती केली की कोपरा मिळतो. एकटेच असाल तर डबा बरोबर घ्या. स्वच्छतागृहात जायची वेळ आली तर पट्टा हातात धरून कुत्र्यालाही न्या. लोक बघतात, बघू देत. गाडीबाहेर खांबाला बांधून जाणंही चांगलं नाही : सावली नसते, आणि डांबर किंवा सिमेंट तापलेलं असतं. तुमच्या हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

‘एसी चालू ठेवून गेलो तर?’ हे मला सर्वांत जास्त विचारलं जातं. नका जाऊ. इंजिन बंद पडतं, उभ्या गाडीत कॉम्प्रेसर थांबून पंख्यातून गरम हवा यायला लागते, काही गाड्या ठरावीक वेळानंतर आपोआप बंद होतात, आणि कुत्र्याचा पंजा दाराच्या बटणावर पडला की तो आत आणि किल्ली आत. बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनचा धूर हा तर वेगळाच जीवघेणा प्रकार. काही इलेक्ट्रिक गाड्यांत पाळीव प्राण्यांसाठी आतली हवा थंड ठेवण्याची सोय असते. ती चांगली आहे, तरी बिघाड झाला तर कुत्र्याला दार उघडता येत नाही, हे लक्षात ठेवून गाडी नजरेच्या टप्प्यात असेल तेव्हाच वापरा.

आणखी दोन गोष्टी. एसीचा झोत पुढे बसलेल्यांना लागतो, डिकीच्या भागात किंवा पिंजऱ्यात बसलेल्या कुत्र्यापर्यंत पोचतोच असं नाही. एकदा स्वतः तिथे हात घालून बघा. आणि तोंड घट्ट आवळणारी कापडी मुसकी प्रवासात घालू नका. तोंड उघडत नसेल तर धापा टाकता येत नाहीत. मुसकी लागतच असेल तर आत तोंड पूर्ण उघडेल अशी जाळीची घ्या.

गाडीत कायम असाव्यात अशा वस्तू : पाण्याचा पाच लिटरचा कॅन (पिण्याचं वेगळं), पसरट भांडं, एक मग, डिजिटल थर्मामीटर, व्हॅसलीन, टॉवेल, जास्तीचा पट्टा, जाड पुठ्ठा किंवा बॅटरीवरचा छोटा पंखा. काचेवर लावायचे पडदे चालत्या गाडीत ऊन अडवायला उपयोगी आहेत. उभी गाडी मात्र त्यांनी सुरक्षित होत नाही. आणि वाटेतल्या गावांमधल्या पशुवैद्यांचे नंबर फोनमध्ये आधीच भरून ठेवा, ऐन वेळी शोधायला हात थरथरतात.

पायरी ५ : दारातली गाडी

मुलं खेळता खेळता गाडीचं दार उघडतात, कुत्रा आवडत्या जागी जाऊन झोपतो, कुणीतरी दार ढकलून बंद करतं. गाडी लॉक करण्याआधी मागची सीट आणि डिकी बघायची सवय लावा. कुत्रा घरात दिसत नसेल तर रस्त्यावर शोधायला पळण्याआधी गाडी उघडून बघा.

पायरी ६ : दुसऱ्याच्या गाडीत कुत्रा दिसला तर

आधी वेळ आणि गाडीचा नंबर टिपा, व्हिडिओ घ्या. एक जण गाडीशी थांबा आणि दुसऱ्याला सुरक्षारक्षकाकडे पाठवा. नंबर सांगून माइकवरून घोषणा करायला लावली की बहुतेक वेळा मालक धावत येतो. काचेवर किंवा पुढच्या काचेखाली कार्डावर फोन नंबर असतो का तेही बघा. मालक आला की भांडत बसू नका, आधी कुत्रा बाहेर येऊ दे.

मालक सापडत नसेल तर ११२ला फोन करा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६०चा आहे. त्याच्या ११व्या कलमात प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा तऱ्हेने वाहनातून नेणं किंवा कोंडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजून १० ते ५० रुपये एवढाच आहे, आणि हे बदलायला हवं असं मला तीव्रतेने वाटतं. प्राणी दगावला तर भारतीय न्याय संहितेचं ३२५वं कलम पोलिसांसमोर मांडता येतं. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

कुत्रा आडवा पडला आहे, हाकेला मान उचलत नाही, आणि पोलीस पोचायला वेळ आहे, अशी वेळ आली तर काच फोडण्याचा प्रश्न उभा राहतो. तो निर्णय शक्यतो पोलिसांशी फोनवर बोलून, साक्षीदार उभे करून घ्या. पुढची काच फोडायला जाऊ नका, ती थरांची असते, तडकते पण निघत नाही. कुत्र्यापासून लांबची बाजूची काच निवडा, आणि मध्यभागी न मारता कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारा.

पायरी ७ : लक्षणं ओळखा

सुरुवातीला धापा फार वेगाने चालतात आणि सावलीत आणल्यावरही थांबत नाहीत. लाळ घट्ट, तारेसारखी लोंबते. हिरड्या गडद लाल होतात. कुत्रा अस्वस्थ असतो, जागा बदलत राहतो. पुढे तोल जातो, उलटी होते, जुलाबात रक्त दिसतं, हिरड्या फिकट किंवा जांभळट पडतात, नजर शून्य होते. मग झटके किंवा बेशुद्धी. सगळी लक्षणं दिसायची वाट पाहू नका. गाडीत कोंडलेला कुत्रा लटपटत असेल तर तेवढं पुरे आहे.

पायरी ८ : आधी थंड करा, मग दवाखाना

क्रम लक्षात ठेवा. उचलून गाडीत टाकून तसंच दवाखान्याकडे सुटणं ही सर्वांची पहिली प्रतिक्रिया असते. पण त्या वीस-पंचवीस मिनिटांत आतली अवयवं शिजत राहतात. जागेवरच थंड करायला सुरुवात करा आणि त्याच वेळी कुणाला तरी डॉक्टरांना फोन करायला लावा.

सावलीत आणा. मिळेल ते पाणी अंगावर ओता, नळाचं, कॅनचं, हॉटेलच्या पिंपातलं. बर्फाचं शोधत बसू नका. कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलं की पाणी कामाचं. पाठीवरचे दाट केस पाणी अडवतात, म्हणून हात फिरवत कातडीपर्यंत पोचवा. पोट, काखा, जांघा, मान, पंजे सोडू नका. ओल्या अंगावर सतत वारा घाला, पंख्याने, पुठ्ठ्याने, काहीही. पाणी आणि वारा दोन्ही चालू राहिले पाहिजेत. तरुण, निरोगी आणि शुद्धीवर असलेला कुत्रा असेल आणि जवळ टब किंवा हौद असेल, तर डोकं वर धरून त्यात उभं केलं तरी चालतं. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला पाणी-वाराच ठीक.

ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. थोड्या वेळात तोच गरम होतो आणि आतली उष्णता धरून ठेवतो. अंगाखाली अंथरला तर चालेल.

शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, हवं तेवढं त्याने स्वतः प्यावं. तोंड उघडून ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि आपल्याकडचा एक उपाय इथे कटाक्षाने टाळा : ऊन लागलं की कांद्याचा रस. माणसाला लावा, खुशाल. कुत्र्याच्या तोंडात कांदा जाऊ देऊ नका, कच्चा, शिजवलेला, रस, कोणताच. त्याने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि तळपायांना चोळला तर कुत्रा तो चाटणारच. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनही देऊ नका. हा ताप त्या गोळ्यांनी उतरत नाही, आणि कुत्र्याच्या शरीराला त्या विषारी ठरू शकतात.

थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून तापमान बघा. ३९.५ अंशांच्या आसपास आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते फार खाली घसरतं. थर्मामीटर नसेल तर धापा मंदावून कुत्रा सावध दिसेपर्यंत चालू ठेवा. मग ओल्या अंगानेच गाडीत घ्या, एसी लावा किंवा काचा पूर्ण उघड्या ठेवा, आणि निघा.

पायरी ९ : उठून शेपटी हलवली तरी दवाखान्यात न्या

ब्रूनो अर्ध्या तासात पाणी पिऊन उभा राहिला होता. मला वाटलं, संपलं. डॉक्टरांनी तरीही रक्त तपासलं, सलाइन लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. उष्माघाताने झालेली मूत्रपिंडांची किंवा रक्ताची इजा एक ते तीन दिवसांनीही वर येते. डॉक्टरांना नेमकं सांगा : किती मिनिटं गाडीत होता, सापडला तेव्हा कसा होता, काय काय केलं, पहिलं तापमान किती होतं. लाज वाटून वेळ कमी सांगू नका. मी आधी ‘दहा मिनिटं’ म्हणालो होतो, मग दुकानाच्या बिलावरची वेळ बघून खरं सांगितलं, आणि त्यावरून उपचार बदलले.

पुढचे तीन दिवस लघवीवर लक्ष ठेवा. कमी झाली, कॉफीसारखी गडद झाली, शी काळी किंवा रक्ताळ झाली, अंगावर किंवा हिरड्यांवर लाल-जांभळे ठिपके दिसले, तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा. फिरणं बंद, फक्त दारापर्यंत. आणि एकदा उष्माघात होऊन गेलेल्या कुत्र्याला पुढच्या उन्हाळ्यांत इतरांपेक्षा जास्त जपावं लागतं. ब्रूनो आता नऊ वर्षांचा आहे. फेब्रुवारी ते जून तो माझ्याबरोबर फक्त डॉक्टरांकडे जातो, सकाळी आठच्या आत.